सर जॉर्ज ग्रियर्सन आणि आपली बोली

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. संत, वीर, समाजसुधारक आणि शेतकऱ्यांचे कैवारी यांची ओळख या पानांतून आपल्या कुटुंबांना वेळोवेळी झालेली आहे. यंदा आम्ही जे चरित्र सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत ते मात्र आपल्या ज्ञातीतील पुरुषाचे नव्हे, आपल्या प्रांतातील नव्हे, किंबहुना आपल्या देशातीलही नव्हे. सर जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन हे जन्माने आयरिश आणि हुद्द्याने इंग्रज सरकारचे अधिकारी. त्यांची हिंदुस्थानातील बहुतेक नोकरी बिहारकडे झाली. असे असूनही उरण-पेणपासून अलिबाग-रेवदंड्यापर्यंतच्या खारपट्टीत राहणाऱ्या आपणा सर्वांवर त्यांचे एक ऋण आहे. ज्या आगरी बोलीत आपल्या आया-आज्यांनी आपल्याला निजविले, तिची भाषेचा एक प्रकार म्हणून नोंद त्यांच्या ग्रंथमालेत झाली. आणि तिच्या शेजारीच, त्याच मापाने मोजून, थोरामोठ्यांच्या बोलीही नोंदविल्या गेल्या.

हे चरित्र यंदाच सांगावेसे वाटण्यास कारण आहे. आपल्या घरोघरी अलीकडे एक गोष्ट दिसू लागली आहे. आजी ‘मना’ म्हणते, आई ‘मला’ म्हणते आणि नातवंडाला ‘मना’ म्हणजे काय हेच उमगत नाही. पाहुणे आले म्हणजे सून हलक्या आवाजात सासूबाईंना नीट बोलण्याविषयी सुचविते. मुलगा शहरात नोकरीस लागला की गावाकडचा फोन आल्यावर उठून बाहेर जातो, कारण मित्रांच्या देखत ती बोली तोंडातून निघणे त्यास जड वाटते. यात कोणा एकाचा दोष आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु एखादी बोली हलकी आहे ही समजूत माणसाच्या मनात शिरते कोठून, ती खरी किती व मानीव किती, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करणे अगत्याचे आहे. ग्रियर्सनसाहेबांचे चरित्र त्या विचारास उत्तम आधार देते.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहराजवळ ग्लेनेजिअरी येथे झाला. घराणे मुद्रकांचे; सरकारी छपाईचे काम त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. त्या देशाचा तो काळ मोठा कठीण होता. बटाट्याच्या पिकाचा नाश होऊन पडलेला महादुष्काळ नुकताच सरत होता. लाखो माणसे मेली होती आणि लाखो देश सोडून गेली होती. ज्या गोरगरिबांच्या तोंडी देशाची जुनी आयरिश भाषा होती, त्यांच्यावरच हा घाला अधिक पडला. योगायोग असा की ग्रियर्सन ज्या साली जन्मले त्याच १८५१ सालच्या खानेसुमारीत आयरिश भाषा बोलणाऱ्यांची गणती त्या देशात प्रथम झाली. पुढील काळात ती भाषा उतरतच गेली. तेथील कित्येक शाळांतून मुलाच्या गळ्यात एक लहान काठी बांधीत. मूल आयरिश बोलले की काठीवर एक खाच पाडीत, आणि दिवसअखेर खाचा मोजून शिक्षा करीत. विशेष हे की या कामी आईबापांचेही साह्य असे. पोटच्या मुलाला पोटाची भाषा नको, कारण तिने पोट भरत नाही, असा त्यांचा हिशेब होता. ग्रियर्सन यांचे घर इंग्रजी बोलणारे होते, तेव्हा त्यांच्या गळ्यात अशी काठी पडण्याचा प्रसंग नव्हता. पण भाषा मरते ती शब्दांच्या कमतरतेने नव्हे, तर बोलणाराची पत उतरल्याने, याचा दाखला त्यांच्या जन्मभूमीतच घडत होता.

शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये आटोपून ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. मुख्य विषय गणित. परंतु तेथे रॉबर्ट ॲटकिन्सन या विद्वान गुरूंजवळ त्यांना संस्कृताची गोडी लागली आणि मीर औलाद अली यांच्याजवळ हिंदुस्थानीचे पाठ मिळाले. १८७१ साली ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले व १८७३ साली बंगाल इलाख्यात रुजू झाले. पुढे बहुतेक नोकरी बिहारात झाली. १८८० साली ल्यूसी कॉलिस या डब्लिनच्याच युवतीशी त्यांचा विवाह झाला. याच सुमारास ते बिहारात शाळा-तपासनीस होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकवर्गास विशेष जवळची वाटते.

त्या काळच्या बिहारात कचेरीची भाषा एक, पुस्तकाची दुसरी आणि शेताच्या बांधावरची तिसरी, अशी स्थिती होती. कचेऱ्यांतील दप्तर फारसी लिपीत चाले; १८८१ च्या सुमारास ती जाऊन कैथी व नागरी या लिपी आल्या. ग्रियर्सन यांनी लगेच त्याच वर्षी कैथी लिपीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कैथी ही आपल्या मोडीसारखी हिशेबी, झरझर लिहिण्याची लिपी; पंडितांच्या दृष्टीने तिला मान नव्हता, पण व्यवहार तिच्यावर चालत होता. अधिकाऱ्याने रयतेचे गाऱ्हाणे ऐकावयाचे तर रयतेची बोली कानांना समजली पाहिजे, ही साधी गोष्ट त्यांनी मनाशी बाळगली. मैथिली, मगही, भोजपुरी या बोलींना तेव्हा हिंदीचे बिघडलेले रूप समजत. ग्रियर्सन यांनी १८८३ ते १८८७ या काळात त्या भागातील बोली-पोटबोलींची सात व्याकरणे प्रसिद्ध केली. जी भाषा नियमाने चालते तिलाच व्याकरण लिहिता येते. तेव्हा या बोली बिघडलेल्या नसून आपापल्या नियमाने चालणाऱ्या आहेत, हे त्यांनी वाद न घालता कामानेच दाखवून दिले.

१८८५ साली त्यांचा बिहारमधील कृषिजीवनावरील ग्रंथ निघाला. आमच्या मते आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा हाच ग्रंथ. नांगर, गाडी, मोट, घाणा, चूल, जाते, घराचे छप्पर, विणकराचा माग, लग्नातील विधी अशा एकेका गोष्टीच्या प्रत्येक भागास शेतकरी कोणते नाव देतो हे त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा केले, आणि पुस्तकात चित्रेही घातली. ज्यांना अडाणी म्हणत त्या कुळवाड्यांच्या तोंडून सुशिक्षितांच्या कोशांत नसलेले हजारो शब्द बाहेर पडले.

आपल्या खारपट्टीविषयी असा विचार करून पाहावा. समुद्राचे पाणी अडविणारा बांध, ते पाणी आत-बाहेर सोडणारी उघाडी, उधाणाने बांध फुटून पडलेली खांड, बांध राखण्याची शिलोत्री, मिठागरातील निरनिराळी कामे व अवजारे, खाडीतील निवटी, चिंबोरी आणि जिताडा, यांची नावे पुण्याच्या सुशिक्षित मनुष्याच्या बोलण्यात कोठून यावीत? त्यांस ती लागतच नाहीत. भरती-ओहोटीशी ज्यांनी शतकानुशतके झुंज दिली त्यांनी ती घडविली. ज्या ज्ञातीचे नावच ‘आगर’ या शब्दाशी निगडित आहे, तिच्या बोलीत श्रमाचे ज्ञान साठवलेले असावे हे साहजिकच आहे. ती बोली टाकणे म्हणजे नुसते उच्चार टाकणे नव्हे, तर ते ज्ञान ठेवलेली कोठीच मोडणे होय.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. १८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या पंडितांचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी असा ठराव तेथे झाला. ग्रियर्सन त्या संमेलनास हजर होते. ठराव कागदावरून कामात उतरण्यास काही वर्षे गेली आणि १८९८ साली या पाहणीचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. मद्रास इलाखा, हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने आणि ब्रह्मदेशाचा मोठा भाग वगळून उरलेल्या देशात हे काम चालले.

पद्धत अशी होती. प्रत्येक जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून तेथे बोलल्या जाणाऱ्या भाषांची नावे व बोलणारांचे अंदाजी आकडे मागविले. नंतर प्रत्येक बोलीचे तीन नमुने घेतले. पहिला नमुना सर्वत्र एकच: ख्रिस्ती धर्मग्रंथातील उधळ्या मुलाची कथा. बापाला दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन परदेशी जातो, सारे उधळतो, दुष्काळात अन्नाला महाग होतो आणि शेवटी घरी परततो. बाप त्यास पोटाशी धरतो. या कथेत मी-तू-तो ही सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ येतात, म्हणून ती निवडली होती. इकडील लोकांच्या भावना दुखावू नयेत यासाठी तीत थोडेफार शाब्दिक फेरफारही करू दिले होते. दुसरा नमुना त्या त्या ठिकाणचीच एखादी गोष्ट, गाणे किंवा जबानी यांचा. तिसरा म्हणजे ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी. राजदरबारची भाषा असो की डोंगरातील पाड्याची, कसोटी सर्वांना एकच होती. बोली मोजताना बोलणाऱ्याचे कूळ, कपडे वा जमीनजुमला विचारात घ्यावयाचा नाही, हा या पद्धतीचा आत्मा होय.

काम सोपे नव्हते. पुष्कळदा नमुना लिहून देणारा स्थानिक लेखनिक शिकलेला असे आणि बोलीतील रूप त्यास चूक वाटे. ते सुधारून पुस्तकी करण्याकडे त्याच्या हाताचा ओढा असावा यात नवल नाही. असे नमुने तपासून घ्यावे लागत. दुसरी अडचण नावांची. ग्रियर्सन यांनी आपल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे की सामान्य खेडुताला आपण जे बोलतो त्यास काही नाव आहे हेच ठाऊक नसते. पन्नास मैलांवरच्या माणसाच्या बोलीचे नाव मात्र तो चटकन सांगतो. म्हणजे बोलींना नावे ठेवतात ती बहुधा शेजारी, आणि ‘नावे ठेवणे’ याचा मराठीत जो दुसरा अर्थ आहे तोही येथे लागू पडतो.

पंजाबकडील त्यांची एक हकिगत फार बोधप्रद आहे. त्या भागात ‘जांगली’ नावाची एक बोली आहे असे कळले. जंगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशावरून ते नाव पडलेले. परंतु त्या शब्दाचा रानटी असाही अर्थ होत असल्याने आपण ती बोलतो असे कबूल करणारा एकही मनुष्य मिळेना. ज्यास विचारावे तो म्हणे की अशी बोली आहे खरी, पण ती येथे नाही, जरा पुढे गेल्यावर. पुढे जावे तो तेथेही तेच उत्तर. अशा रीतीने शोध करणारा पुढे पुढे जात अखेर जेथे मनुष्यवस्तीच नाही अशा वाळवंटात पोहोचेल, अशा अर्थाचा विनोद त्यांनी केला आहे. वाचकहो, आपण हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपल्याकडे घाटावरच्यास कोकणातला मनुष्य घाटी म्हणून हिणवतो आणि घाटावरचा कोकण्यास हसतो. भरवस्तीतला खारपट्टीच्या गावास नाक मुरडतो आणि खारपट्टीचा मनुष्य डोंगरातील ठाकर-कातकऱ्याच्या बोलण्याची नक्कल करतो. गावंढळ बोली नेहमी पलीकडच्या गावात असते!

या ग्रंथमालेचा सातवा खंड मराठी भाषेचा. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याची तयारी ग्रियर्सन यांचे साहाय्यक, नॉर्वे देशाचे पंडित स्टेन कोनो यांनी केली. त्यात ठाणे, मुंबई, कुलाबा, जंजिरा, रत्नागिरी या किनाऱ्यावरील मराठीस कोकणची प्रमाण बोली असे एक नाव देऊन तिच्याखाली आगरी, कोळी, भंडारी, कुणबी, धनगरी, ठाकरी, तसेच पाठारे प्रभूंची परभी, ख्रिस्ती बांधवांची किरिस्ताव अशा अनेक बोलींची नोंद आहे. आपला आजचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा या नावाने ओळखला जाई. नाव बदलले ते १९८१ साली. जिल्ह्याजिल्ह्यांतून ज्ञातिवार याद्या आल्या होत्या, जणू प्रत्येक ज्ञातीची भाषाच वेगळी. परंतु नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहता या बोलींतील फरक किरकोळ असून त्या एकाच बोलीच्या छटा आहेत, असे आढळून आले. मुंबईच्या वाड्यातील प्रभू गृहस्थ घरी जी बोली बोलत आणि मिठागरावरील आगरी जी बोलत, त्या दोहोंना या खंडात एकाच छपराखाली बसविले आहे. समाजाने ज्यांच्यामध्ये भिंती उभ्या केल्या होत्या त्यांची जीभ एकाच मुशीतली निघाली!

आता ज्या उच्चारांसाठी आपल्या मुलांना हसतात ते उच्चार एकेक तपासू. आपण ‘ण’ च्या जागी ‘न’ म्हणतो: पाणी हे पानी होते, लोणी हे लोनी. ‘ळ’ च्या जागी ‘ल’ येतो: काळा हा काला, डोळा हा डोला. शब्दाच्या मध्ये वा शेवटी ‘ड’ आला तर त्याचा ‘र’ होतो: घोडा तो घोरा, गाडी ती गारी, झाड ते झार. वीस हे ईस आणि वेळ ही येल होते. हे यादृच्छिक नाही. एका नियमाने सर्वत्र घडते, आणि जेथे नियम आहे तेथे अज्ञान म्हणता येत नाही.

‘आनी-पानी’ या दोन शब्दांवरून महाराष्ट्रात माणसाची जात ओळखण्याची दुष्ट खोड फार जुनी आहे. परंतु पाणी हा शब्द संस्कृत ‘पानीय’ पासून आला आणि लोणी हा ‘नवनीत’ पासून. दोहोंतही मुळात नळातला ‘न’ आहे, बाणातला ‘ण’ नाही. हिंदी भाषेत पंडितापासून पंतप्रधानापर्यंत सर्व पानी म्हणतात आणि त्यास कोणी अशुद्ध म्हणत नाही. ‘ळ’ ऋग्वेदात आहे, पण पुढच्या अभिजात संस्कृतात तो नाही. म्हणून कालिदासास कोणी गावंढळ ठरविलेले नाही. ‘घोरा’ हा उच्चार तर मिथिलेतही ऐकू येतो, आणि मैथिलीचे व्याकरण लिहिणाऱ्या ग्रियर्सन यांना तो चांगलाच परिचित होता. यावरून आपली बोली इतरांपेक्षा अधिक शुद्ध आहे असे मात्र कोणी समजू नये. तसे म्हणणे म्हणजे तीच चूक उलट बाजूने करणे होय. एवढेच सिद्ध होते की ‘न’ किंवा ‘ण’ यांत स्वतःचा असा काही उच्चनीचपणा नाही.

मग हसू येते कशाचे? पुण्या-मुंबईकडील सुशिक्षितांची बोली एकोणिसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांची भाषा झाली. मोल्सवर्थसाहेबांचा कोश १८३१ साली आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली निघाले. छापखाने, शाळा, परीक्षा, कचेऱ्या यांनी त्या भाषेस प्रतिष्ठा दिली. साऱ्या महाराष्ट्रास एक सामाईक भाषा मिळाली हा लाभ मोठाच आहे. परंतु ज्यांच्या घरी तीच बोली होती त्यांची मुले पहिल्या दिवसापासून हुशार ठरली आणि ज्यांच्या घरी दुसरी होती ती मंद. बोलीस मान मिळतो तो बोलणाऱ्याच्या मानावरून. लोक मात्र समजतात की बोलीवरून माणसाची योग्यता कळते.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६० साली प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या माणसांकडून एकच उतारा एकदा इंग्रजीत व एकदा फ्रेंचमध्ये वाचवून घेतला. ऐकणाऱ्यांना आवाज निरनिराळ्या माणसांचे आहेत असे भासविले. तोच मनुष्य इंग्रजीत बोलताना ऐकणाऱ्यांस अधिक बुद्धिमान, किंबहुना अधिक उंच वाटला! खेदाची गोष्ट ही की फ्रेंच मातृभाषा असलेल्या श्रोत्यांनीही आपल्याच भाषेतील आवाजास बहुतेक बाबतींत कमी लेखले. त्या शहरात पैसा व अधिकार इंग्रजी बोलणारांकडे होता, हे त्यातील इंगित. तसेच इंग्रजीतील ‘र’ चे पाहा. स्वरानंतरचा ‘र’ गाळणे हे लंडनच्या प्रतिष्ठित बोलीचे लक्षण, तर न्यूयॉर्क शहरात तोच गाळणे हलकेपणाचे. विल्यम लबॉव्ह या संशोधकाने १९६२ साली तेथील तीन मोठ्या दुकानांत पाहिले, तो दुकान जितके उंची तितका नोकरांच्या तोंडी तो ‘र’ अधिक. ‘र’ तोच, त्याची किंमत मात्र गावागणिक व दुकानागणिक निराळी.

आमच्या शिक्षकी आयुष्यात खारपट्टीतून आलेला एक मुलगा आम्ही पाहिला. गणितात तरबेज, पण वाचनास उभा राहण्यास सांगितले की मान खाली घाली. पहिल्याच आठवड्यात त्याने गाडीस गारी म्हटले होते आणि वर्ग हसला होता. तेव्हापासून वर्षभर त्याने वर्गात आपण होऊन एक शब्द उच्चारला नाही. उत्तर येत असूनही तो गप्प बसे. हसणाऱ्या मुलांत निम्मी आपल्याच ज्ञातीतील होती. त्यांच्या घरी ती बोली सोडून फार तर दहा वर्षे झाली असतील. एका हशाने एका मुलाची वाचा किती काळ मिटते, याचा हिशेब कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिलेला नसतो.

ग्रियर्सन यांच्या कार्यात उणिवा नव्हत्या असे नाही. बहुतेक नमुने टपालाने आले व लेखनिकांच्या हातून उतरले. त्यात कानापेक्षा लेखणीचा भाग अधिक. पुढे ध्वनिमुद्रिकांवर देशोदेशीच्या बोली मुद्रित करून ही उणीव काही अंशी भरून काढण्यात आली. कोकणी ही मराठीचीच बोली असा निर्णय सातव्या खंडात दिला होता. गोमंतकातील अनेकांनी तो मानला नाही, आणि १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून दाखल झाली. मैथिलीसही तोच मान २००३ च्या घटनादुरुस्तीने मिळाला. भाषा कोणती आणि बोली कोणती हा भेद पर्वत आणि टेकडी यांच्यातील भेदासारखा आहे, टोके स्पष्ट पण मधली सीमा पुसट, हे ग्रियर्सन स्वतःही जाणून होते. शास्त्राने मोजमाप करावे. मान देणे वा न देणे हे समाजाचे व सरकारचे काम.

१९०३ साली ते नोकरीतून निवृत्त झाले आणि इंग्लंडमध्ये कँबर्ली येथे स्थायिक झाले. तेथूनच पाहणीचे काम अखंड चालू राहिले. १९०३ साली पहिला भाग निघाला, १९२८ साली शेवटचा. अकरा खंड, एकोणीस भाग. १७९ भाषा व ५४४ बोलींचे वर्णन. काम हाती घेतले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, संपले तेव्हा सत्त्याहत्तर! शिवाय काश्मिरी भाषेचा मोठा कोश त्यांनी १९१६ ते १९३२ या काळात पुरा केला. १९१२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९२८ साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा इंग्लंडच्या राजाकडून मोजक्या गुणिजनांस दिला जाणारा बहुमान. ९ मार्च १९४१ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी कँबर्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी पेरलेले बीज वाया गेले नाही. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावे नोंदली गेली. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण करून गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो आनंद साजरा करताना एक गोष्ट विसरू नये. मराठीच्या जुनेपणाचा एक पुरावा आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ आक्षी येथे, शिलालेखाच्या रूपाने उभा आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या मते तो शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा, कालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण तो मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. त्या लेखात ‘पश्चिम’ हा शब्द ‘पसीम’ असा कोरलेला आहे. आज एखाद्या मुलाने वहीत असे लिहिले तर त्यावर तांबड्या शाईची रेघ पडेल. दगडावर आहे म्हणून आपण त्यास फुले वाहतो!

आता आपले कर्तव्य काय? मुलांना प्रमाण मराठी उत्तम आली पाहिजे, तिचे शुद्धलेखन आले पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे; याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. जे कोणी बोलीच्या अभिमानापायी मुलांस प्रमाण भाषेपासून दूर ठेवतील ते त्यांचे नुकसान करतील. पण एक शिकण्यासाठी दुसरी टाकावी लागते ही समजूत खोटी आहे. बाहेर जाताना आपण चपला घालतो, म्हणून घरात पाय कापून ठेवीत नाही. ज्यांच्या कष्टावर आपण शिकलो ते वडीलधारे ही बोली बोलत होते. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी जो संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे उपाशीपोटी चालविला, त्या शेतकऱ्यांच्या घरची बोलीही हीच. तिच्यात धैर्यास कमतरता नव्हती.

म्हणून ज्ञातिबांधव व भगिनींना आमची नम्र विनंती आहे. घरातील वृद्धांना पाहुण्यांपुढे बोलण्यापासून कोणी थांबवू नये. आपल्या लग्नांत धवलारीण जे धवले गाते ते तिच्याबरोबर जाण्यापूर्वी आवाजासह उतरून ठेवावेत. आज प्रत्येकाच्या खिशात तसे यंत्र आहे, ग्रियर्सन यांच्या हाती ते नव्हते. मिठागर, खारबांध, मासेमारी, शेती व स्वयंपाक यांतील शब्द प्रत्येक कुटुंबाने एका वहीत लिहावेत आणि संस्थेकडे द्यावेत. पुढील अंकापासून त्यांचे एक पान राखून ठेवावे असे आम्ही संस्थेच्या चालकांस सुचवीत आहोत. आणि ठाकर, कातकरी वा घाटावरचा कोणी आपल्याशी त्याच्या बोलीत बोलला तर त्यास हसू नये. जो दुसऱ्याच्या जिभेस हसतो त्याला आपल्या जिभेसाठी मान मागण्याचा अधिकार राहत नाही.

परक्या देशातून आलेल्या एका माणसाने आयुष्याची तीस वर्षे खर्चून ज्यांना नाव नव्हते अशा बोलींना ग्रंथात जागा दिली. आपल्या बोलीस आपल्याच ओटीवर जागा देणे आपल्यास जड जाऊ नये. त्या कष्टाळू विद्वानाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.